फोटोचा रंग आणि मालाचा रंग

शिर्डीत आमचे कापडाचे दुकान आहे. शाली, चादरी, उपरणी, टॉवेल आणि थोड्या येवल्याच्या साड्या, असा आमचा माल. समोरच्या ओळीत तसबिरींची दुकाने आहेत. इतकी वर्षे त्या दुकानांकडे आम्ही केवळ शेजारी म्हणून पाहिले. त्यांचा धंदा वेगळा, आमचा वेगळा, अशी आमची समजूत होती. ती समजूत कशी मोडली आणि त्यापायी चाळीस शाली कशा परत आल्या, हे व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

१७ मार्च २०२० रोजी साईबाबांचे समाधी मंदिर दर्शनासाठी बंद झाले, ते १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडले. ५ एप्रिल २०२१ रोजी पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबरला उघडले. म्हणजे दोन वेळा मिळून सुमारे चौदा महिने गावात यात्रेकरू नाही. शिर्डीत यात्रेकरू नाही याचा अर्थ गिऱ्हाईक नाही, हे या गावात व्यापार केलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. माल घडीत पडून आणि उधारीचे हिशेब डोक्यावर. पुण्यात वेबसाइट तयार करण्याचे काम करणारा आमचा पुतण्या टाळेबंदीत घरी आला होता. तो म्हणाला, "चाचा, गिऱ्हाईक दुकानात येऊ शकत नाही, तर दुकानच त्याच्या मोबाइलवर पाठवू या." व्हॉट्सॲपने व्यापाऱ्यांसाठी मालाची यादी फोटोसह लावण्याची सोय २०१९ च्या अखेरीस आणली होती. आम्ही दुकानाचे शटर अर्धे उघडून ट्यूबलाइटच्या उजेडात शालींचे फोटो काढले. फोटो मंद दिसत होते. पुतण्याने ते "थोडे उठावदार" केले. आम्ही शेजारी उभे राहून "आणखी थोडे, आणखी थोडे" म्हणत होतो.

त्या डिसेंबरात एका पतसंस्थेने वर्धापनदिनाच्या सत्कारासाठी चाळीस शाली मागविल्या. रंग डाळिंबी. शाली पोहोचल्या आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला : "फोटोत डाळिंबी आणि हातात विटकरी, हे कसे?" शाली परत आल्या. जाण्या-येण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले. भाड्यापेक्षा अधिक टोचले ते फोनवरचे पुढचे वाक्य. ते इथे लिहीत नाही. धान्याच्या ढिगात ओले धान्य खाली दडविणाऱ्या व्यापाऱ्याचा प्रसंग आपण सर्वांनी मदरशात किंवा घरी ऐकलेला आहे. आम्ही काही दडविले नव्हते, असे मनाशी म्हणून पाहिले, पण ते मनाला पटेना. फोटो खोटा होता, आणि तो आमच्या सांगण्यावरून खोटा झाला होता.

त्यानंतर बाजार उघडला तसे आम्ही फावल्या वेळी समोरच्या तसबिरीच्या दुकानात जाऊन बसू लागलो. आम्हाला हे पाहायचे होते की, जो धंदा पूर्णपणे चित्रावर चालतो, तो चित्राशी कसा वागतो.

साईबाबांचे देहावसान १५ ऑक्टोबर १९१८ चे. त्यांच्या हयातीतले फोटो अगदी मोजके, आणि सगळे कृष्णधवल. श्यामराव जयकर या चित्रकाराने बाबांच्या हयातीत त्यांचे चित्र रंगविले. समाधी मंदिरातील संगमरवरी मूर्ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडविली. ती १९५४ च्या विजयादशमीला, ७ ऑक्टोबर रोजी बसविण्यात आली. तालीम यांच्यापुढे नमुना म्हणून केवळ एक कृष्णधवल फोटो होता, असे येथे सांगतात. पुढे १९७७ साली 'शिर्डी के साईबाबा' हा चित्रपट आला, त्याच वर्षी 'अमर अकबर अँथनी' मधील साईबाबांवरील कव्वाली महंमद रफींच्या आवाजात घरोघर पोहोचली, आणि तसबिरींचा धंदा गावाच्या वेशीबाहेर गेला. हा सारा व्यापार त्या थोड्याशा काळ्या-पांढऱ्या फोटोंवर उभा आहे. मूळ नवा फोटो एकही निघू शकत नाही. जे नवे आहे ते फोटोवर केलेल्या कारागिरीत आहे.

कापडाचे व्यापारी असल्यामुळे आमची नजर आधी वस्त्रावर जाते. मूळ फोटोंतली कफनी साधी, पांढरी, जाड्याभरड्या कापडाची. कापडाचा पडता चुणा पाहिला तरी सूत कळते. पूर्वी फोटोवर कुंचल्याने पातळ रंग देणारे कारागीर असत. त्यांनी कफनीला केशरी छटा दिली. कॅलेंडरवाल्यांनी तिला सॅटीनची चमक दिली. मग जरीचा काठ आला. मागची मशिदीची भिंत जाऊन निळे आकाश आले, मस्तकामागे प्रभावळ आली. फोटो तोच, बसण्याची ढब तीच, पण कापड बदलत गेले. त्याच दुकानात दुसऱ्या फळीवर कृष्णधवल फोटो जशाचा तसा, काळ्या लाकडी चौकटीत. त्याच्याशेजारी एकाच तपकिरी रंगाच्या छटांत छापलेला. पुढे काचेवर कोरलेला, मागून दिवा लावलेला. हलविला की डोळे फिरल्याचा भास होणारा. आणि सर्वांत टोकाला मोटारीच्या काचेवर चिकटविण्याची एक पट्टी : डोक्याचे फडके, दाढीची कड, एवढ्या तीन-चार रेघा. चेहरा नाही, डोळे नाहीत. तरीही चार वर्षांचे मूल ओळखते.

दुकानदाराला आम्ही विचारले, सर्वांत जास्त काय खपते? तो म्हणाला, जो घरात लावायचा असतो तो रंगीत, जो ऑफिसात लावायचा असतो तो काळा-पांढरा, आणि गाडीसाठी रेघांचा. म्हणजे कारागिरी जागेप्रमाणे आणि गिऱ्हाइकाप्रमाणे ठरते, छापणाऱ्याच्या हौसेप्रमाणे नव्हे. आम्ही शालीच्या फोटोत नेमके उलट केले होते. संगणकात जेवढी चमक होती तेवढी ओतली होती.

शिर्डीचा आणखी एक अनुभव. येथे दुकानांच्या नावात 'साई' नसेल असे दुकान शोधावे लागते. नावावरून कोणाचे दुकान कोणते हे कळत नाही. कायद्यानेही अशा नावावर एकट्याची मालकी सांगणे कठीण आहे. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याने नोंदविण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली धर्मग्रंथाच्या नावावर अशी मक्तेदारी मिळू शकत नाही असे सांगितले. तेव्हा ज्या बाजारात शब्द सर्वांचा आहे, तेथे ओळख पटविण्याचे काम रंगाने, चौकटीने, अक्षराच्या वळणाने करावे लागते. आमच्या पाटीवरही सामायिक शब्दच होते. दुकान शोधत आलेले गिऱ्हाईक दोनदा शेजारी जाऊन बसलेले आम्ही पाहिले आहे.

आता कापडवाल्यांनी लाज वाटून घ्यावी अशी गोष्ट सांगतो. चित्रावरून माल ओळखण्याची विद्या या देशात कापडाच्या पेठेइतकी जुनी क्वचितच दुसऱ्या कोणत्या पेठेची असेल. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कापड मुंबईत उतरे, तेव्हा प्रत्येक ठाणावर एक रंगीत कागद चिकटविलेला असे. त्याला तिकीट, टिका किंवा छाप म्हणत. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नसे, बहुतेकांना काहीच वाचता येत नसे. ते छाप पाहून माल मागे. हत्ती, वाघ, मोर, फुलांची परडी, देवदेवता, पंखा घेतलेली स्त्री, आगगाडी. आजही आपण 'अमुक छाप' आगपेटी किंवा पीठ म्हणतो, तो शब्द याच परंपरेतला.

ही तिकिटे शिळाछापावर छापली जात. प्रत्येक रंगाला एक स्वतंत्र दगड. आठ, दहा, कधी त्याहून अधिक रंग. एकावर एक अचूक बसले नाहीत तर सारे चित्र वाया. शिवाय काहींवर सोनेरी रंग आणि उठावाचे ठसे. मांडणी पाहण्यासारखी असते : मध्ये चित्र, भोवती चौकट, वर कंपनीचे नाव आणि पुष्कळदा तेच नाव दोन-तीन लिप्यांत. मजकूर पुष्कळदा सपाट रंगाच्या पट्टीवर. गडबडीच्या चित्रावर अक्षर सहसा टाकीत नसत, कारण ते वाचता आले पाहिजे. आज वेबसाइट बांधणारी मुले फोटोवर काळसर पारदर्शक पडदा टाकून मग त्यावर पांढरी अक्षरे लिहितात, ते याच गरजेपोटी. २०२५ साली बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीमध्ये या तिकिटांचे प्रदर्शन भरले होते. ज्या कागदाला आमच्या आजोबांनी ठाण फोडताना नखाने खरवडून फेकले, तो काचेत लागला.

ही चित्रे केवळ शोभेची नव्हती. इंग्लंडमध्ये १८७५ साली व्यापारचिन्हे नोंदविण्याचा कायदा झाला आणि सुती कापडाच्या चिन्हांसाठी मँचेस्टरला वेगळे कार्यालय ठेवावे लागले, इतकी त्यांची संख्या आणि इतके त्यांवरून तंटे. हिंदुस्थानात १८८९ साली मालावरील खोट्या चिन्हांविरुद्ध कायदा आला. चित्राची नक्कल म्हणजे मालाची चोरी हे तेव्हाच मान्य झाले होते. आणि चित्राने खोटे बोलण्याचे प्रकारही तेव्हाच सुरू झाले होते. स्वदेशीच्या काळात गिरणीचे कापड खादी म्हणून खपविण्याचा धंदा इतका वाढला की, १९३४ साली 'खद्दर' आणि 'खादी' या शब्दांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ठाणावर चरखा छापला म्हणून सूत हाताने कातलेले होत नाही.

मालेगाव, भिवंडीच्या बांधवांनी येथे क्षणभर थांबावे. आमचे नातेवाईक मालेगावात यंत्रमागावर आहेत. तेथील कोरे कापड दलालामार्फत पाली-बालोत्र्याकडे रंगाईसाठी जाते. त्यावर कोणाचा छाप बसतो? जो रंगवितो त्याचा, किंवा जो शेवटी विकतो त्याचा. ज्याने रात्रपाळी करून विणले त्याचा छाप कोठेच नाही. भाव पडला की दलाल दुसऱ्या दारात जातो, कारण दोन दारांच्या मालात त्याला फरक दिसत नाही. मँचेस्टरच्या व्यापाऱ्याला दीडशे वर्षांपूर्वी कळले होते की, बिनछापाच्या ठाणाला भाव ठरविण्याचा हक्क नसतो. याचा अर्थ उद्या प्रत्येक बुनकराने वेबसाइट काढावी असा नाही. पण रंगीत साडी, लुंगी, रुमाल असा तयार माल जे काढतात, त्यांनी तरी घडीवर लावायच्या कागदाचा विचार छापखानेवाल्यावर सोडू नये. तो त्याच्याकडचे तयार गुलाबाचे फूल लावून देतो. मग दहा दुकानांचा एकच गुलाब.

चित्राबद्दल आपल्यात काहींना संकोच असतो. सजीवांची चित्रे दुकानात नकोत, असे मानणारे बांधव आहेत, आणि त्यांची भूमिका आम्हाला परकी नाही. पण त्यामुळे त्यांनी चित्रविद्येकडेच पाठ फिरवावी याचे कारण नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचे कारागीर वेलबुट्टीवर जगले. जाळी, वेल, भूमितीची नक्षी, आणि अक्षर, एवढ्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी शतके काढली. वेबच्या मांडणीत आज हेच चलनात आहे : कापडाचा एवढा जवळून घेतलेला फोटो की धागा न् धागा दिसावा, आणि तोच सगळ्या पानाची पार्श्वभूमी. माणूस लागत नाही.

अक्षराचे आम्हाला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. आमच्या लहानपणी उर्दू वर्तमानपत्र हाताने लिहिले जाई. कातिब बोरूने लिहीत आणि ते लिखाण छापखान्यात जाई. बातमीचा मथळा किती मोठा, कोणता शब्द लांबवायचा, नुक्ता कोठे बसवायचा, हे सारे त्यांच्या हातात. मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक १९८१ साली संगणकावर आले आणि १९९४ साली दिल्लीच्या कंपनीचे इनपेज आले. त्यानंतर कातिबांचे बोरू थांबले. पण त्यांची नजर आम्हाला आजही उपयोगी पडते. कातिब पान लिहिण्याआधी कोरी जागा कोठे सोडायची हे ठरवीत. आमच्या पुतण्याने सांगितले की, वेबच्या कामात त्याला पहिल्या वर्षी हेच शिकविले.

मराठी अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. दोन ओळी जवळ आणल्या की उकार खालच्या मात्रेत अडकतो. इंग्रजीसाठी केलेली मांडणी मराठीला तशीच चढविली की पान गुदमरते. आता मुंबईच्या एक टाइपने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे टाइप मोफत मिळतात, उर्दूसाठी नोटो नस्तालीक आहे. एवढे असूनही आमच्या गल्लीतील निम्म्या जाहिराती जुन्या टाइपात, दुहेरी कड आणि सावली दिलेल्या. अक्षराला सावली देणे ही शिर्डीच्या फलकवाल्यांची जुनी खोड आहे. दुसरी खोड म्हणजे सारा मजकूर फोटोतच भरून टाकणे. फोटोत लिहिलेला भाव आणि पत्ता गूगलला सहसा सापडत नाही, आणि दृष्टी नसलेल्या गिऱ्हाइकाचा मोबाइल तो नीट वाचून दाखवेलच असे नाही. शब्द शब्दांच्या जागी टाइपात असावेत.

वेबवर चित्र आणि मजकूर एकाच पानावर दिसण्याची पद्धत रूढ केली ती १९९३ च्या मोझॅक या ब्राउझरने. त्यापूर्वी चित्र पुष्कळदा वेगळे उघडावे लागे. फोटोशॉप त्याआधीच १९९० साली आले होते. तेव्हापासून फोटोवरच्या कारागिरीच्या लाटा येत आहेत. सावल्या, चकाकणारी बटणे, मग सगळे सपाट. पुतण्याने आम्हाला शेकडो पाने दाखविली. त्यांतले जे आमच्या धंद्याला लागू पडले तेवढेच सांगतो.

एक म्हणजे दुरंगी फोटो. फोटोतील गडद भाग एका रंगात आणि उजळ भाग दुसऱ्या रंगात. स्पॉटिफाय या संगीत कंपनीने २०१५ साली ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली आणि मग सर्वांनी उचलली. छापखान्यात ती फार जुनी, दोन ठशांत काम भागे म्हणून. तिचा खरा उपयोग असा की, दहा ठिकाणांहून, दहा कॅमेऱ्यांनी, बऱ्या-वाईट उजेडात काढलेले फोटो एका घरचे दिसू लागतात. आमच्याकडे वडिलांच्या काळचा दुकानाचा पिवळा पडलेला फोटो होता, येवल्याच्या मागाचा मोबाइलवर काढलेला होता, गोदामाचा होता. ते तिन्ही गडद निळा आणि मोतिया या दोन रंगांत केले आणि दुकानाला चेहरा आला. दोन रंग ठरल्यावर पिशवी, पावती, पाटी, सगळे त्यात आले. आता गिऱ्हाईक "निळ्या पाटीचे दुकान" म्हणून विचारते.

पण हीच पद्धत शालीच्या फोटोला लावली तर? तर शालीचा रंगच नाहीसा. येथे आम्ही घरात एक नियम केला : दुकानाच्या, मागाच्या, कारागिराच्या फोटोवर हवी तेवढी कारागिरी. मालाच्या फोटोवर फक्त सफाई, म्हणजे वाकडा असेल तर सरळ करणे, धूळ पुसणे, उजेड सारखा करणे. रंगाला हात नाही. पुतण्याने आरंभी कुरकुर केली. त्याचे म्हणणे, सगळेच चमकवितात, आपण एकटे मंद दिसू. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. पहिले तीन महिने मंदच दिसलो.

मग आम्ही फोटो काढण्याची पद्धत सुधारली. संगणकात जे घालावे लागत होते ते उजेडातच मिळू लागले. सकाळी दहाच्या सुमारास दुकानाच्या दारात ऊन येत नाही पण उजेड भरपूर असतो. तेथे फळी मांडून फोटो. ट्यूबलाइट आणि बल्ब बंद, कारण दोन प्रकारचा उजेड मिसळला की कोणता रंग खरा हे कॅमेऱ्यालाही कळत नाही. शालीच्या कडेला साधा पांढरा कागद ठेवायचा. फोटोत कागद पिवळा किंवा निळसर दिसला की शालही तेवढीच फसवी समजावी. आधी कागद पांढरा करून घ्यायचा, मग शाल आपोआप ठिकाणावर येते. तरीही प्रत्येक मोबाइलचा पडदा वेगळा. म्हणून रंगाचे नाव लिहायचे, आणि नाव असे की जे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिलेले आहे : डाळिंबी, आमसुली, अबोली, मोरपंखी, विटकरी. आमच्या पेठेतील ही जुनी नावे 'मरून' आणि 'पीच' पेक्षा पुष्कळ अचूक आहेत. आमसूल कसे दिसते हे पतसंस्थेच्या सचिवालाही ठाऊक असते.

पार्श्वभूमी कापून फक्त वस्तू ठेवण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. ॲमेझॉनसारख्या बाजारात तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरीच लागते. टॉवेलला, चादरीला ते शोभते. पांढऱ्या उपरण्याचे काय करणार? पांढऱ्यावर पांढरे नाहीसे होते. तेथे खाली हलकी सावली ठेवावी, किंवा एक टोक दुमडून कापडाची जाडी दाखवावी. कड फार बारकाईने कापू नये. शालीचे गोंडे कापून टाकलेले फोटो आम्ही पाहिले आहेत, गिऱ्हाईक मग म्हणते बिनगोंड्याची हवी होती.

बारीक विणीच्या कापडावर फोटोत लहरी उमटतात हे अनेकांनी पाहिले असेल. प्रत्यक्षात कापड सपाट आणि पडद्यावर पाण्यासारखे पट्टे. पुष्कळांना तो कॅमेऱ्याचा दोष वाटतो, काहींना कापडाचा. वास्तविक दोन जाळीचे पडदे एकावर एक धरले की जसे पट्टे दिसतात, तसाच हा प्रकार आहे. एक जाळी ताण्याबाण्याची, दुसरी कॅमेऱ्यातील ठिपक्यांची. थोडे पुढे-मागे सरकावे किंवा कापड किंचित तिरके करावे, पट्टे जातात. या लहरींना मोइरे म्हणतात. शब्द मूळचा कापडाचाच : पाण्याच्या लाटा दिसणाऱ्या रेशमाचे हे फ्रेंच नाव. ते आले इंग्रजी मोहेरवरून, आणि मोहेर आले अरबी 'मुखय्यर' वरून, म्हणजे निवडक, पसंतीचे. संगणकवाल्यांनी तो शब्द आपल्या पेठेतून नेला आणि आपल्यालाच समजावून सांगितला!

फोटो पाठवतानाही एक काळजी घ्यावी. व्हॉट्सॲप फोटोचा आकार घटविते आणि त्यात पहिल्यांदा जाते ती वीण. जरीचे पोत लापशीसारखे दिसते. २०२३ पासून तेथे एचडी पर्याय आहे, तो दाबावा, किंवा फोटो दस्तऐवज म्हणून पाठवावा.

येवल्याच्या साड्यांनी आम्हाला एक गोष्ट शिकविली, ती कोणत्याही कारागिरीपेक्षा मोठी निघाली. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही सुलट्यासारखाच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. यंत्रावरच्या नकलेत बहुधा लोंबतात किंवा कापलेले असतात. म्हणून आम्ही मागच्या बाजूचा फोटो लावू लागलो, कोणतीही सजावट न करता. साडीवर तासभर विचारपूस करणारी गिऱ्हाइके तो एक फोटो पाहून गप्प होतात. आता शालीच्याही उलट बाजूचा फोटो असतो. विणणाऱ्याच्या हाताचा असतो, चेहरा नसला तरी चालतो. शेजारी फूटपट्टी ठेवतो.

दुसऱ्याचा फोटो उचलणे हा आपल्या पेठेतला सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक प्रकार. सुरतच्या व्यापाऱ्याने पाठविलेला फोटो दहा दुकाने लावतात, माल दहा प्रकारचा निघतो. भारतीय कायद्यात फोटोवर प्रसिद्धीनंतर साठ वर्षे हक्क असतो. तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर तो सहसा तुमचा ठरतो. तरी पावतीवर तसे लिहून घ्यावे. साईबाबांचे जुने मूळ फोटो त्या मुदतीच्या कधीच पुढे गेलेले आहेत, पण त्यावरून कोणी अलीकडे रंगविलेले चित्र हे त्या चित्रकाराचे असू शकते, हे पिशवीवर चित्र छापणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आमच्या पिशवीवर चित्र नाही. एक निळी चौकट आहे आणि आत मराठीत व उर्दूत दुकानाचे नाव. ते उर्दू नाव पूर्वी कातिबाचे काम केलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी लिहून दिले. पैसे घेतले नाहीत, पण पिशवी छापून आल्यावर नुक्ता अर्धा सूत डावीकडे गेल्याबद्दल आम्हाला बोलणी खावी लागली.

परत आलेल्या त्या चाळीस शाली आम्ही विटकरी म्हणून दुकानात मांडल्या. दारातल्या उजेडात पाहून यात्रेकरूंनी एकेक करून घेतल्या. रंग वाईट नव्हताच. एक मात्र विकली नाही. ती गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि तिच्याशेजारी तो जुना फोटो छापून लावला आहे. दुकानात नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी पुतण्या त्याला त्या दोहोंसमोर उभा करतो आणि रंगांची नावे विचारतो.